किराणा बिलांसाठी सगळी मेलपेटी कशाला उघडायची?

महोदय,

किराणा ॲपवरून येऊ लागला आणि घरखर्चाची वही मागे पडली. बिलं मेलमध्ये साचत राहतात. चॅटजीपीटी, जेमिनाय, क्लॉड यांसारखे एआय सहायक ती वाचून तक्ता भरून देतात आणि त्याचा उपयोगही चांगला होतो. पण सुरुवातीलाच सगळ्या मेलपेटीची परवानगी देऊन टाकायची आणि शेवटी बेरीज मात्र ताडून पाहायची नाही, या दोन सवयी घातक आहेत.

त्याच पेटीत बँकेची स्टेटमेंटं, विम्याचे कागद, तपासण्यांचे रिपोर्ट असतात. डाळ-तांदळाच्या हिशोबासाठी ते उघडं करायचं काहीच कारण नाही. जीमेलच्या शोधचौकटीतल्या पर्यायांत दुकानाचा ईमेल पत्ता टाका, अटॅचमेंट असलेल्या मेलवर खूण करा, फिल्टर तयार करून त्याला ‘किराणा’ लेबल द्या. जुन्या मेलनाही फिल्टर लावायची खूण करायची विसरली तर फक्त यापुढची बिलं जमतील. मग पीडीएफ उतरवून फक्त तेवढ्या फाइली सहायकाला द्या. बिलं खूप असतील तर त्यांच्यासाठी वेगळं ईमेल खातं काढून फिल्टरने तिकडे फॉरवर्ड करा आणि तेच खातं जोडा. जोडणी वाचण्यापुरतीच ठेवा. मेल पाठवायची किंवा पुसायची मुभा नको. मेलच्या मजकुरात कोणी सूचना दडवली असेल तर सहायक ती मालकाचीच समजून पाळू शकतो. काम झालं की गूगल खात्याच्या सुरक्षा विभागातून जोडणी काढून टाका.

आता वाचनातल्या चुका. पाच किलो आट्याचं पाकीट घ्या: एमआरपी २६०, दिलेली किंमत २३८ रुपये. बिलावर करपात्र मूल्य २२६.६७, केंद्राचा अडीच टक्के कर ५.६७ आणि राज्याचाही ५.६७. सहायक कधी २६० उचलतो, कधी २२६.६७, तर कधी २३८ वर पुन्हा पाच टक्के चढवतो. म्हणून सूचनेतच स्पष्ट लिहा: “करासह प्रत्यक्ष दिलेली रक्कम घे, एमआरपी वेगळ्या रकान्यात ठेव, बिलावर नसेल ते रिकामं सोड, अंदाज करू नको.” करपात्र मूल्य आणि दोन्ही कर यांची बेरीज २३८.०१ येते, तो एक पैसा पूर्णांकनाचा. तेव्हा तक्त्यातली बेरीज आणि बिलाची एकूण रक्कम यांत प्रत्येक बिलामागे रुपयाभराचा फरक चालवून घ्यावा, त्याहून जास्त असेल तर ते बिल डोळ्यांनी वाचावं. बेरीज सहायकाकडून करून घेऊ नये. त्याने सीएसव्ही फाइल (एक्सेलमध्ये उघडणारी साधी तक्त्याची फाइल) द्यावी आणि बेरीज एक्सेलच्या सूत्राने करावी. एका वेळी दहाच बिलं द्या. गठ्ठा मोठा झाला की मधल्या ओळी गळू शकतात आणि ते लक्षातही येत नाही.

दुबार नोंदी हा सर्वांत मोठा घोळ. ऑर्डर दिल्याची मेल आणि अंतिम बिल, दोन्ही मोजली जातात. टोमॅटो अर्धा किलो मागवले, आले ४८० ग्रॅम; खरी रक्कम अंतिम बिलातच असते. शिवाय एकाच ऑर्डरची कधी दोन बिलं निघतात, एक मालाचं आणि दुसरं हाताळणी-शुल्काचं, ज्यावर १८ टक्के कर असतो. त्यामुळे नोंदीची ओळख ऑर्डर क्रमांकावरून न ठेवता बिल क्रमांकावरून ठेवावी. परताव्याची क्रेडिट नोट काही दिवसांनी येते, ती उणे चिन्हाने नोंदवायची. तारीख दिवस-महिना-वर्ष अशी आहे हेही सांगावं लागतं, नाहीतर ०५/०४ म्हणजे ५ एप्रिलचा ४ मे होतो.

तेलाकडे विशेष लक्ष द्यावं. पिशवीवर ‘१ लिटर’ आणि ‘९१० ग्रॅम’ दोन्ही छापलेलं असतं, बिलावर त्यातलं एकच येतं. लिटर आणि ग्रॅम एकाच रकान्यात पडले की दोन महिन्यांच्या भावाची तुलना खोटी ठरते. वजन आणि एकक वेगळ्या रकान्यांत घ्या. ‘५ × १ किलो’ आणि ‘१ × ५ किलो’ हेही नगसंख्येसाठी स्वतंत्र रकाना असला तरच नीट उतरतं.

विक्रेत्यांकडे एक आग्रहाची मागणी आहे. बिल म्हणून “पाहण्यासाठी ॲप उघडा” एवढीच लिंक पाठवणं बंद करावं. काही दिवसांनी ती लिंक उघडली नाही, तर ग्राहकाच्या हातात काहीच उरत नाही. अंतिम बिल मेललाच जोडावं, तेही चित्र म्हणून नव्हे, मजकूर निवडता येईल अशा पीडीएफमध्ये. त्यात मालाचं पूर्ण नाव असावं. अर्धवट तोडलेल्या नावांवरून तूरडाळ कोणती आणि मूगडाळ कोणती हे माणसालाही कळत नाही.

– एक वाचक, पुणे