रातपाळी आणि डोळ्यांतलं घड्याळ

महोदय,
बावीस वर्षं मी यंत्रमागावर रातपाळी केली. सकाळी अक्कलकोट रोडवरून भर उन्हात सायकलने घरी यायचो, अंथरुणाला पाठ टेकायचो, पण झोप येत नसे. आई म्हणायची, विचार फार करतोस. नातीने परवा वाचून दाखवलं: २००२ साली अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाच्या डेव्हिड बर्सन यांनी उंदरांच्या दृष्टिपटलात प्रकाश ओळखणाऱ्या वेगळ्याच पेशी दाखवल्या. दिवस आहे की रात्र, हे त्या पेशी झोप-जागेची वेळ ठरवणाऱ्या मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. त्यांच्यातलं मेलॅनॉप्सिन नावाचं प्रकाश टिपणारं द्रव्य निळसर उजेडाला सर्वाधिक प्रतिसाद देतं. सकाळचं ऊनच मला जागं ठेवत होतं तर! या घड्याळाचा विचार करून मालकांनी निदान दर आठवड्याला पाळी फिरवणं तरी थांबवावं.

– एक निवृत्त यंत्रमाग कामगार, सोलापूर