पॅड बदलण्याआधी पिना बघ

प्रिय मिलिंद,

तुझं पत्र मिळालं. पुढच्या चाकांतून बारीक चिरका आवाज येतोय आणि ब्रेकचे पॅड घरीच बदलावेत का, असं विचारलंयस. जरूर बदल. तुझ्याकडे पाने आहेत, वेळ आहे आणि घाई करायचा तुझा स्वभाव नाही, एवढं पुरेसं आहे. फक्त एक गोष्ट आधीच सांगतो. जुने पॅड काढून नवे घालणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम आहे. खरं काम म्हणजे कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग) आणि पॅड आपापल्या जागी मोकळे सरकतील असं करणं. ते राहिलं, तर कितीही चांगले पॅड आणलेस तरी ते लवकर आणि वाकडे झिजतील.

तो आवाज बहुधा पॅडला लावलेल्या पत्र्याच्या जिभेचा असेल. मटेरियल संपत आलं की ती डिस्कला घासावी, यासाठीच ती दिलेली असते. नव्या पॅडवर साधारण 10 ते 12 मिमी मटेरियल असतं आणि 3 मिमी उरलं की पॅड बदलायचे. मोजताना मागची पोलादी प्लेट धरू नकोस. चाकाच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड. आतला दिसत नाही आणि बरेचदा तोच आधी संपतो, म्हणून चाक काढूनच खात्री कर.

पॅड घेताना गाडीचं मॉडेल आणि साल सांगून भागत नाही. एकाच सालच्या गाडीत दोन प्रकारचे कॅलिपर असू शकतात. चॅसी नंबरवरून पार्ट नंबर काढ आणि जुना पॅड नव्याशेजारी ठेवून आकार, कान (प्लेटची दोन टोकं) आणि जिभेची बाजू जुळव. रोजच्या वापराला सिरॅमिक किंवा चांगले ऑरगॅनिक पॅड बरे: आवाज कमी, डिस्कवर बेताचे. सेमी-मेटॅलिक उष्णता जास्त सोसतात. लांब उतारांवर किंवा भरलेल्या गाडीला ते चांगले, पण डिस्क जास्त खातात. शर्यतीसाठीचे पॅड घेऊच नकोस. ते तापल्याशिवाय नीट धरत नाहीत, आणि थंड सकाळी पहिल्याच वळणावर तुला ब्रेक हवा असतो. प्लेटच्या किंवा मटेरियलच्या कडेला ‘एफएफ’सारखी दोन अक्षरं सापडतील. पहिलं साध्या तापमानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ‘ई’ म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, ‘एफ’ 0.35 ते 0.45. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा कमी पकडीचं असेल, तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो. ‘90आर’ ही युरोपीय मान्यता छापलेली असेल तर उत्तम. अशा पॅडची कामगिरी मूळ पॅडपासून 15 टक्क्यांच्या आत असावी लागते. दोन्ही चाकांचे पॅड एकदमच बदल, आणि पॅडचे कान ज्यांत सरकतात त्या क्लिपांचा नवा सेटही घे.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. मोजताना व्हर्नियरचे जबडे कडेच्या उंचवट्यावर टेकतात आणि आकडा खोटा येतो. दोन्ही बाजूंना एकसारखी दोन नाणी धर, मोज, आणि नाण्यांची जाडी वजा कर. किमान जाडीपेक्षा कमी भरली तर डिस्क बदलायची, त्यात तडजोड नाही. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते ब्रेक क्लीनरने पुसून घे.

सपाट, टणक जमीन, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, मागच्या चाकांना ठोकळे. नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल कर. मग जॅक, आणि जॅकखेरीज स्टँड. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून हात आत घालू नकोस. एका वेळी एकच बाजू खोल, म्हणजे अडलं तर दुसरी बाजू बघायला शाबूत राहते. ब्रेकची धूळ हवेने उडवू नकोस, क्लीनरने ओली करून पूस.

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी बघ. पॅड झिजले की पातळी खाली जाते आणि मधे कुणी वरून भरलं असेल, तर पिस्टन मागे दाबताच ऑइल बाहेर येईल. ते रंग खातं. आधीच सिरिंजने थोडं काढून ठेव, आणि सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धू.

कॅलिपरचा खालचा बोल्ट साधारणपणे 12 किंवा 14 मिमी पान्याचा असतो. तो फिरवताना कॅलिपर जिच्यावर सरकतो ती आतली पिनही फिरते, म्हणून पातळ पान्याने ती धरून ठेव. बहुतेक गाड्यांत कॅलिपर वरच्या पिनवर उचलता येतो. नाही जमलं, तर वरचाही बोल्ट काढ आणि कॅलिपर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांग. होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर, त्याचं वजन कधीही येऊ देऊ नकोस. होज आतून फाटला तर बाहेरून कळतही नाही.

आता जुने पॅड नीट वाच. आतला आणि बाहेरचा जवळपास सारखे असतील तर सगळं ठीक. आतला बराच जास्त झिजलाय? मग कॅलिपर सरकत नाही किंवा पिस्टन परत येत नाही. पॅड एका टोकाला पाचरीसारखा झिजला असेल, तर एक पिन अडकलीय किंवा पॅडचा कान क्लिपमध्ये रुतलाय.

इथे वेळ घाल. दोन्ही पिना बाहेर काढ. त्या बोटांनी निघायला हव्यात. वरची-खालची अदलाबदल करू नकोस, कारण बऱ्याच गाड्यांत एकीच्या टोकाला रबरी बुश असतो आणि तिची जागा ठरलेली असते. जुनं ग्रीस पूर्ण पूस. पिनवर गंजाचे खड्डे असतील तर ती घासत बसू नकोस, नवी घाल. ग्रीस ब्रेकसाठीचं सिलिकॉनचंच हवं. साध्या ग्रीसने रबर फुगतं, पिन आवळली जाते आणि महिन्याभरात तोच त्रास परत. पातळ थर पुरे. भोक ग्रीसने भरलंस तर पिन आत दाबली की हवा कोंडून ती परत बाहेर ढकलली जाते. बूटची (पिनवरच्या रबरी आवरणाची) कड खाचेत बसलीय ना, तेही बघ.

मग ब्रॅकेटवरच्या, म्हणजे पॅड बसतात त्या चौकटीवरच्या, क्लिपा काढ. त्यांच्याखाली गंजाचा पापुद्रा साचतो, तो क्लिप वर उचलतो आणि पॅडची जागा आवळतो. वायर ब्रश आणि कानसेने धातू चमकेपर्यंत साफ कर. नव्या क्लिपांत पॅड अंगठ्याच्या दाबाने सरकला पाहिजे. कानांवरच्या जाड रंगाने अडत असेल तर फक्त रंग घास. कानांवर आणि पाठीवर किंचित ब्रेक ग्रीस, पण मटेरियलला आणि डिस्कला त्याचा डागही नको.

पिस्टन मागे घालायला जुना पॅड त्यावर ठेवून सी-क्लॅम्प हळूहळू आवळ. पिस्टनभोवतीचं रबर फाटलेलं किंवा ओलं दिसलं तर तिथेच थांब, तो कॅलिपर आधी दुरुस्त करावा लागेल. ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर नळी लावून कॅलिपरचं निपल (हवा काढायचा स्क्रू) उघड, ते घाण ऑइल बाहेर जाऊ दे आणि नंतर सगळं ऑइल बदलून हवा काढ.

जिभेचा पॅड जुना होता त्याच बाजूला. पिनच्या बोल्टला साधारण 25 ते 35 न्यूटन-मीटर, चाकाच्या नटांना छोट्या गाडीत साधारण 100 ते 120. नेमका आकडा तुझ्या गाडीच्या मॅन्युअलमधला घे. नट समोरासमोरचे आवळ आणि शेवटचा टॉर्क चाक जमिनीवर टेकल्यावर.

दुसरी बाजू झाली की इंजिन सुरू करण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा. पहिल्या काही दाबांना ते थेट तळाला जाईल, गाडी तशीच हलवलीस तर ब्रेक नसेल. मग ऑइलची पातळी बघ. मोकळ्या रस्त्यावर ताशी 50 वरून 10 किमीपर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग उतरव, मधे थोडं अंतर ठेव, पूर्ण थांबू नकोस. तापलेला पॅड एका जागी दाबून धरला की डिस्कवर मटेरियलचा डाग बसतो आणि पुढे पेडल थरथरायला लागतं. नंतर दहा मिनिटं शक्यतो ब्रेक न लावता चालव. किंचित वास येईल, तो चालतो. थांबल्यावर दोन्ही चाकांजवळ हात ने, रिमला लावू नकोस. एक बाजू जास्त तापली असेल तर त्या बाजूच्या पिना पुन्हा बघ. पन्नास-शंभर किमी झाल्यावर नटांचा टॉर्क पुन्हा तपास.

जुने चारही पॅड टाकू नकोस. डावा-उजवा, आतला-बाहेरचा असं लिहून प्रत्येकाची दोन्ही टोकांची जाडी मोज आणि मला पाठव. त्या आठ आकड्यांवरून कुठली पिन अडली होती ते बरंचसं सांगता येईल.

तुझा,
सतीश