घोड्याचे सीरम आणि आपले व्रत

नाशिक, गंगापूर रोड

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. माझ्या जखमेची चौकशी तू दोन ओळींत उरकलीस आणि घोड्याच्या रक्तापासून केलेले सीरम टोचून घेतल्यावर मी स्वतःला व्हीगन, म्हणजे दूधदह्यासकट प्राण्यांपासूनचे सगळे टाळणारा, कसा म्हणवतो, या प्रश्नाला उरलेली दोन पाने दिलीस, याचे हसू आले; पण प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

त्या सकाळी गोदाकाठी फिरताना कुत्रे पोटरीला चावले आणि रक्त आले. अशी जखम तिसऱ्या श्रेणीची धरतात. ती पंधरा मिनिटे साबणाने धुवायची, जखमेत प्रतिपिंडांचे, म्हणजे विषाणू वा विष निकामी करणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांचे, सीरम सोडायचे आणि शिवाय लसीचे डोस पुरे करायचे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, त्यामुळे तिथे तत्त्वचर्चेला वेळ नव्हता. रुग्णालयात घोड्याचे सीरम होते, ते घेतले. मानवी रक्तापासून केलेले सीरमही मिळते, मात्र ते महाग असते, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने प्रयोगशाळेतील पेशींमध्ये तयार होणारी प्रतिपिंडे बाजारात आणली आहेत, हे मी घरी आल्यावर वाचले. आधी ठाऊक असते तर विचारले असते. मिळाली नसती तर घोड्याचेच घेतले असते.

लसीचे म्हणशील, तर आजची रेबीजची लस बहुधा व्हेरो पेशींवर वाढवतात. या पेशींचे मूळ १९६२ साली जपानमध्ये एका आफ्रिकन माकडाच्या मूत्रपिंडातून घेतले गेले आणि तेव्हापासून त्याच वंशाच्या पेशी वाढवल्या जात आहेत. पूर्वीची लस मेंढीच्या मेंदूपासून होई. पोटात घ्यायची ती चौदा इंजेक्शने आपल्या वडिलांच्या पिढीला चांगली आठवतात. भारतात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले. ते मेंढ्यांच्या दयेपोटी थांबले नाही. त्या लसीने काही रुग्णांना पक्षाघात होत असे, म्हणून थांबले. मेंढ्या वाचल्या त्या ओघाने. माझ्या आजीच्या दंडावर देवी काढल्याचे वण होते, आणि त्या काळी देवीची लस वासराच्या कातडीवर वाढवत असत, हे तिला कोणी सांगितले असते तर गाईला नैवेद्य दाखवणारी ती बाई काय म्हणाली असती, असा विचार अलीकडे माझ्या मनात येतो. बहुधा तिने दंड पुढेच केला असता.

व्हीगन सोसायटी इंग्लंडमध्ये १९४४ साली स्थापन झाली. प्राण्यांचे शोषण 'शक्य आणि व्यवहार्य असेल तितके' टाळावे, असे तिची व्याख्या सांगते. तू या शब्दांना पळवाट म्हणतोस. मला मात्र व्याख्येचा सगळा भार त्यांच्यावरच दिसतो, कारण ते दर वेळी तपासायला लावतात: चहातल्या दुधाला पर्याय आहे, मिसळीवरच्या दह्याला आहे, द्राक्षबागेत घोणस चावलेल्या मजुराला मात्र घोड्याच्या प्रतिपिंडांवाचून आज पर्याय नाही. तिथे नकार देणारा माणूस एकाही घोड्याला सोडवत नाही.

म्हणून सीरमबद्दल मला अपराधी वाटत नाही. वाटते ते कॅप्सूलबद्दल. गेली चार वर्षे पित्तासाठी मी जी कॅप्सूल घेत आलो, तिचे कवच गाईगुरांच्या वा डुकरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या जिलेटिनचे असू शकते, हे मी कधी पाहिलेच नाही. वनस्पतीजन्य कवचाच्या कॅप्सूल मिळतात, हे माहीत असूनही. बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका डोळ्यांत तेल घालून शोधणारा मी, औषधाच्या पट्टीवर तसा ठिपका नसतो या सबबीवर निवांत राहिलो. परवा मेनरोडवरच्या औषधविक्रेत्याला विचारले, तेव्हा त्याने चष्मा काढून मलाच उलट विचारले, "तुम्हाला ॲलर्जी आहे का?" डॉक्टरांशी बोलून आता मी गोळी घेतो, तिच्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, निघाली. शोध चालू आहे.

एक राहिलेच. तुझ्या कॅल्शियमच्या गोळीतले ड-३ जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून केलेले असेल. तेच आता आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातकुळीतल्या जीवांपासूनही मिळते. पट्टी उलटून वाच आणि काय निघाले ते कळव. माझा शेवटचा डोस येत्या गुरुवारी आहे.

तुझा,
नाशिककर