टिपची खूण आधीच का केलेली असते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्याच्या अखेरीस घरखर्चाच्या वहीचा मेळ घालताना १८० रुपयांचा फरक येऊ लागला. दोनदा बेरीज केली, दुधाचा व गॅसचा हिशेब पुन्हा पाहिला आणि शेवटी मोबाइलवरून मागवलेल्या जेवणाच्या व किराणाच्या पावत्या एकेक करून उघडल्या, तेव्हा उलगडा झाला. पावसाच्या एका रात्री भिजत आलेल्या मुलाला मी आपण होऊन मोबाइलवरूनच २० रुपयांची टिप दिली होती. टिपच्या चौकटीखाली, पुढील प्रत्येक ऑर्डरला हीच टिप लावण्याविषयीची बारीक इंग्रजी ओळ होती आणि तिच्यापुढे खूण आधीच केलेली होती. त्यानंतरच्या नऊ ऑर्डरींत २० रुपये आपोआप मिळवले गेले.

रक्कम लहान आहे, हे मान्य. परंतु निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात प्रत्येक बाबीची रक्कम ठरलेली असते आणि न विचारता गेलेला पैसा कोणत्या रकान्यात मांडावा, हेच कळत नाही.

खुशीने देण्याला माझी मुळीच हरकत नाही. दिवाळीला पोस्त देण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. पोस्टमनला किंवा गवळ्याला ते हातात देताना चार शब्द बोलले जातात आणि दिलेले पोहोचले, हे डोळ्यांना दिसते. इथे तेच दिसत नाही. नंतर आलेल्या एका मुलाला मी टिपविषयी विचारले, तर तो म्हणाला, "काकू, आठवड्याचा एकच आकडा येतोय ओ, त्यात टिप किती ते कुठं कळतंय?"

संमतीविना बिलात रक्कम घुसवणे हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मनाई केलेल्या १३ फसव्या क्लृप्त्यांपैकी एक प्रकार आहे. आपल्या शेजारच्या धारवाडचे खासदार व केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनीही मे २०२५ मध्ये, टॅक्सी येण्याआधीच टिप मागण्याची पद्धत अनैतिक असून टिप सेवेनंतर कौतुकापोटी द्यायची असते, अशी भूमिका घेतली होती. कर्नाटकाने त्याच वर्षी केलेल्या गिग कामगारांच्या, म्हणजे मोबाइल ॲपवरून मिळणारी अशी कामे करणाऱ्यांच्या, कायद्यात कामगाराच्या मोबदल्याच्या १ ते ५ टक्के कल्याण शुल्क कंपनीकडून घेण्याची तरतूद आहे. या मुलांच्या पोटापाण्याची जबाबदारी मुळात कंपनीची आहे आणि तिची उणीव ग्राहकाच्या भिडेवर भरून काढणे मला गैर वाटते.

आता मी मोबाइलवरील टिप शून्य करते. वहीत 'बक्षिसी' या नावाने महिन्याला २०० रुपये वेगळे काढून त्यांच्या दहा-दहाच्या नोटा दाराजवळच्या डब्यात ठेवते. पाऊस असेल, तिसऱ्या मजल्यावर ओझे चढवून आणले असेल, तर दोन नोटा देते. एखाद्या महिन्यात डबा लवकर रिकामा होतो. त्या वेळी पाणी विचारते आणि आभार मानते.

कंपन्यांनी टिपचा प्रश्न सामान हाती पडल्यावरच विचारावा, चौकट कोरी ठेवावी आणि टिपची रक्कम मुलाच्या हिशेबात वेगळी दाखवावी. ही ओळ मराठीत व कन्नडमध्येही असावी. आमच्या गल्लीत मराठी शाळेत शिकलेली अनेक वडीलधारी माणसे आता मोबाइलवरून औषधे मागवतात आणि ती बारीक इंग्रजी ओळ त्यांना वाचता येत नाही. ज्यांच्या बिलात अशी रक्कम आली असेल, त्यांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. मी माझी पावती जपून ठेवली असून याच आठवड्यात तक्रार करणार आहे.

आपली,
एक गृहिणी, शहापूर, बेळगाव