पिवळा दिवा लुकलुकतो तेव्हा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हिवाळ्यातल्या वाहन-अपघातांवरचा आपल्या अंकातला मजकूर वाचला. गाड्या इतक्या सुधारल्या, तरी पहिला बर्फ पडला की एवढी वाहने रस्ता सोडून कडेच्या चरात का जातात, असा प्रश्न त्यात विचारला होता. चाळीस वर्षांहून अधिक काळ मी बर्फातल्या रस्त्यांवर गाडी चालवत आलो आहे. या प्रश्नाचे उत्तर, निदान त्याचा एक मोठा भाग, मला गेल्या हिवाळ्यात सूनबाईंच्या शेजारच्या सीटवर सापडला, म्हणून हे पत्र.

त्या दिवशी सकाळपासून बर्फ पडत होता. चढावर गाडी मंदावली आणि समोरच्या डॅशबोर्डवर एक छोटा पिवळा दिवा लुकलुकू लागला. घसरणाऱ्या गाडीचे आणि तिच्यामागे दोन वेड्यावाकड्या रेघांचे चित्र असते ना, तो. त्या म्हणाल्या, "बाबा, गाडीत काहीतरी बिघडलंय. पाय दाबतेय, पण ती जोरच घेत नाही." गाडी बिघडलेली नव्हती. चाके जागच्या जागी फिरू लागली होती, म्हणून गाडीने स्वतःहून इंजिनाचा जोर कमी केला होता आणि फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावला होता. रस्त्याची पकड संपत आली आहे, एवढेच तो दिवा सांगत होता. सूनबाई दहा वर्षे उत्तम गाडी चालवतात, पण त्या दिव्याचा अर्थ त्यांना कोणीही सांगितलेला नव्हता. हे वाचणाऱ्यांपैकी किती जणांना तो ठाऊक असेल, याची मला मनापासून काळजी वाटते.

आमच्या वेळी ही खबर दिव्यातून यायची नाही, ती अंगाला कळायची. माझी पहिली गाडी मागच्या चाकांवर चालणारी होती. इंजिनाचे वजन पुढे आणि जोर मागच्या हलक्या चाकांवर, त्यामुळे बर्फात अॅक्सिलरेटरवर पाय जरा जड पडला की मागचा भाग कुल्ल्याखालून बाजूला सरकायचा. चाकांवर वजन यावे म्हणून डिकीत वाळूची पोती टाकायची, आणि अडकलो तर तीच वाळू चाकांखाली पसरायची. स्टिअरिंग एकाएकी हलके लागले की समजायचे, पुढची चाके रस्त्याला धरून नाहीत. टायरचा आवाज अचानक थांबला तर ते त्याहून वाईट, कारण खाली बर्फाचा पारदर्शक थर आलेला असे. डांबराचाच रंग दिसतो म्हणून ज्याला 'ब्लॅक आइस' म्हणतात, तो हाच. पुलावर तो सगळ्यांत आधी धरतो, कारण पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून वारा लागतो आणि जमिनीची ऊब मिळत नाही.

ब्रेक दाबून धरला की चाके जाम व्हायची आणि गाडी तोंड असेल त्या दिशेने सरळ जायची. स्टिअरिंग कितीही फिरवा, जाम झालेले चाक गाडीला वळवत नाही. म्हणून ब्रेक दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. हे मला एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याने दोन दुपारी रिकाम्या मैदानावर शिकवले. गाडी मुद्दाम घसरवायला लावायचे आणि म्हणायचे, "मागचा भाग जिकडे पळतोय तिकडेच स्टिअरिंग फिरव, आणि नजर जिथे जायचंय तिथे ठेव." त्या दोन दुपारी मला पुढची चाळीस वर्षे पुरल्या.

जुने दिवस चांगले होते, असे मी मुळीच म्हणणार नाही. पहाटे चोक ओढून, सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची. आतून काच गोठायची आणि ती हाताने खरवडत एका भोकातून रस्ता पाहायचा. चाकांना साखळ्या बांधायच्या तर बर्फात गुडघे टेकून, बोटे बधिर होईपर्यंत. त्या वर्षांत माझ्या ओळखीचे काही जण घाटातून परत आले नाहीत. ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी आजची यंत्रणा, म्हणजे एबीएस, त्यांच्या गाडीत असती तर त्यांतले एखाद-दोन वाचले असते, असे मला नेहमी वाटते. आजच्या धर्तीचे इलेक्ट्रॉनिक एबीएस 1978 मध्ये मोटारींत आले. गाडी भोवंडू लागली तर एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सरळ करणारी यंत्रणा, जिला ईएससी म्हणतात, ती 1995 मध्ये आली. युरोपीय संघात नोव्हेंबर 2014 पासून प्रत्येक नव्या मोटारीत ती सक्तीची झाली, अमेरिकेत 2012 च्या मॉडेलांपासून. सूनबाईंच्या गाडीतला तो दिवा याच यंत्रणेचा.

मात्र या यंत्रणा पकड निर्माण करत नाहीत. आहे तेवढीच पकड त्या नीट वाटून वापरतात. ताशी 50 किलोमीटर वेगाने कोरड्या डांबरावर ब्रेक दाबला तर गाडी साधारण 12-13 मीटरमध्ये थांबते, दाबलेल्या बर्फावर 40 मीटरच्या आसपास, आणि गुळगुळीत गोठलेल्या रस्त्यावर सुमारे 100 मीटर लागतात. ब्रेकवर पाय जाईपर्यंत कापलेले अंतर यात धरलेले नाही. वेग दुप्पट केला की हे अंतर चौपट होते. 1978 ची गाडी असो की कालची, हे गणित टायर आणि रस्ता यांच्यामधल्या तळहाताएवढ्या जागेत ठरते. भुसभुशीत ताज्या बर्फात तर एबीएस असलेली गाडी कधी कधी थोडी जास्तच लांब जाते, कारण जाम झालेले चाक आपल्यापुढे बर्फाचा ढीग गोळा करून त्यावर अडते आणि फिरते चाक तसे करत नाही. तरीही एबीएस हवेच, कारण त्यामुळे गाडी वळवता येते.

चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांबद्दलचा गैरसमज मला सगळ्यांत धोकादायक वाटतो. चढावर सगळे अडकलेले असताना अशी गाडी झपाट्याने निघून जाते आणि चालकाला वाटते, आपल्याला रस्ता मोकळा आहे. निघायला चार चाके मदत करतात हे खरे. पण थांबायला तर प्रत्येक गाडीला, अगदी माझ्या पहिल्या गाडीलासुद्धा, चारच चाकांचे ब्रेक होते. पुढच्या वळणाशी या गाडीला कोणताही जादा फायदा नाही, उलट तिचे वजन जास्त.

माझ्या मते सगळ्यांत मोठी सुधारणा टायरची झाली आहे आणि तिच्याकडेच लोक सगळ्यांत कमी लक्ष देतात. फिनलंडमध्ये 1934 मध्ये ट्रकसाठी आणि 1936 मध्ये मोटारींसाठी खास हिवाळी टायर तयार झाले, म्हणजे कल्पना जुनीच. आता त्यांचे रबर थंडीतही मऊ राहते. उन्हाळी टायरचे रबर तापमान सात अंशांच्या खाली गेले की कडक होऊ लागते, मग नक्षी कितीही खोल असो. टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचे चिन्ह आहे का ते पाहावे. नुसती 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) अक्षरे पुरेशी नाहीत, कारण ती कोणत्याही कसोटीशिवाय छापता येतात. नक्षी चार मिलिमीटरच्या खाली झिजली की बर्फासाठी तो टायर संपला असे धरावे. आणि दोनच हिवाळी टायर बसवण्याची काटकसर कृपया कोणी करू नये. फक्त पुढे बसवले तर उतारावर मागचा भाग पुढे यायला बघतो.

काही बाबतींत तर नवी गाडी जास्त लक्ष मागते. जुन्या हेडलाइटच्या उष्णतेने त्यांच्या काचेवरचा बर्फ आपोआप वितळायचा. एलईडी दिवे थंड असतात, काच झाकली जाते आणि समोर अंधार का झाला हे आत बसून कळत नाही. उतरून हाताने पुसावे लागते. कॅमेरा आणि रडारवर बर्फ चिकटला की गाडीला रस्त्यावरच्या लेनमध्ये ठेवणारी, आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा नेमकी वादळात बंद पडते. विजेच्या गाड्या थंडीत एका चार्जमध्ये कमी अंतर जातात, तेव्हा हिशेब सैल ठेवावा. आणि बर्फात अडकून इंजिन चालू ठेवायचे असेल तर आधी सायलेन्सरचे तोंड मोकळे करावे. ते बुजले तर धूर आत येतो आणि त्यातल्या जीवघेण्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हे पूर्वीही खरे होते, आजही आहे.

एक गोष्ट नव्या चालकांना पटत नाही, ती मुद्दाम लिहितो. कडाक्याची थंडी असते तेव्हा बर्फ त्या मानाने बरा, जरा पकड देतो. शून्याच्या आसपास, वितळू का गोठू अशा अवस्थेत असतो तेव्हा तो सगळ्यांत निसरडा. म्हणजे "आज हवा जरा बरी आहे" असे वाटते, त्याच दिवशी जास्त जपायला हवे.

नॉर्वे आणि स्वीडनमध्ये परवाना मिळण्याआधी निसरड्या मैदानावर गाडी चालवण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते. जिथे जिथे बर्फ पडतो तिथे हे सक्तीचे व्हावे, ही माझी कळकळीची विनंती आहे आणि आपल्यासारख्या वृत्तपत्राने ती लावून धरावी. जाहिरातींत धावती गाडी आणि उडणारा बर्फ दिसतो. चालकाच्या पायाखाली एबीएसचा ब्रेक थरथरतो तेव्हा काय करायचे, ते कोणीच दाखवत नाही.

त्या प्रसंगानंतरच्या रविवारी मी सूनबाईंना एका मोकळ्या, बर्फाच्छादित मैदानावर घेऊन गेलो. ताशी 30 च्या वेगाने जाऊन ब्रेक पूर्ण दाबायला सांगितले. पायाखाली पेडल खडखडले आणि त्यांनी घाबरून पाय काढला. बहुतेक सगळे हेच करतात. दुसऱ्यांदा त्यांनी पाय तसाच दाबून ठेवला आणि ब्रेकवर असतानाच गाडी डावीकडे वळवली. मग खाली उतरून चाकांच्या खुणांवरून चालत त्यांनी पावले मोजली. चोवीस भरली. काही न बोलता त्या परत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आता 50 ने करून बघू?"

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक