नक्षी पाहू नका, टायरची बाजू वाचा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागात, तिकडे ज्याला आउटबॅक म्हणतात तिथे, स्वतःची फोर-व्हील गाडी घेऊन फिरणाऱ्यांसाठी एक लेख आला होता. वर्णन छान, फोटो तर फारच सुंदर. टायरबद्दल मात्र त्यात एकच वाक्य होतं: खोल नक्षीचे दणकट ऑल-टेरेन टायर बसवून घ्या, म्हणजे काळजी नाही. माझं सगळं आयुष्य एसटीच्या टायर विभागात गेलं, आणि निवृत्तीनंतर लेकीकडे अ‍ॅडलेडला गेलो असताना त्या मुलखातला एक रस्ता मी जवळून पाहिला. हल्ली मुंबईतल्या कितीतरी घरांतली मुलं तिकडे स्थायिक झाली आहेत आणि आईवडील गेले की हौसेने त्यांना अशा सफरीला नेतात. त्या एका वाक्यावर विसंबून कुणी निघालं तर अडकेल, म्हणून हे पत्र.

टायर किती टिकेल हे नक्षी सांगत नाही. नक्षी पकड देते. तिच्याखाली स्टीलच्या तारांचे पट्टे असतात, त्यामुळे वरून लागलेला मार टायर बराच सोसतो. दगडाने टायर कामातून जातो तो बहुतेक वेळा बाजूला, साइडवॉलला. तिथे तारांचे पट्टे नसतात. थोडं रबर आणि आत दोऱ्यांचे एक, दोन किंवा तीन थर, एवढाच काय तो आधार. दुकानात गिऱ्हाईक टायरसमोर उभं राहतं ते नक्षीवरून हात फिरवत. हात बाजूवर फिरवायला हवा, आणि तिथे जे छापलंय ते वाचायला हवं.

आम्ही गेलो तो ऊडनाडाटा ट्रॅक. मरी ते मार्ला, 600 किलोमीटरहून लांब आणि कच्चा. जुन्या घान रेल्वेच्या कडेकडेने जातो; ती लाइन 1980 साली बंद झाली, आता पूल आणि स्टेशनांच्या दगडी भिंती तेवढ्या उरल्यात. ऊडनाडाटा गावात 2 जानेवारी 1960 रोजी 50.7 अंश तापमान नोंदलं गेलं होतं. आम्ही जुलैत, म्हणजे तिकडच्या थंडीत गेलो होतो, आणि शहाण्याने त्याच दिवसांत जावं. वाटेत मैलोन्‌मैल गिबरची मैदानं लागतात. वाऱ्यापाण्याने माती निघून गेली आणि तांबूस, चकाकी चढलेले दगड एकमेकांना लागून पसरून राहिले. अख्खा दगड गुळगुळीत असतो, फुटलेल्याची कड मात्र अशी की बोट लावायची हिंमत होऊ नये.

विल्यम क्रीकच्या अलीकडे एक मोठी गाडी कडेला उभी दिसली. मेलबर्नचं वयस्क जोडपं होतं. स्टेपनी आदल्या दिवशीच लागली होती, आणि आता दुसरा टायर बसला होता. जावई मला म्हणाले, ‘‘बाबा, तुम्ही बघता का जरा?’’ मी गुडघे टेकून बसलो. टायर जवळजवळ नवा, नक्षीच्या ठोकळ्यांमधली रबराची केसंसुद्धा अजून झडली नव्हती. आपल्या लेखातल्या फोटोत शोभावा असा. आणि बाजूला, रिमपासून तीन बोटांवर, वीतभर चीर. कडा इतक्या साफ की विळीवर काकडी चिरावी तशा. आतल्या दोऱ्या पांढऱ्याशुभ्र, एका रेषेत तुटलेल्या. हे काम धारदार दगडाचं. मग त्यांनी मागच्या डिकीतून आदल्या दिवशीचा टायर काढून दाखवला. त्याची गोष्ट निराळीच होती. वरून फाटल्याची मोठी खूण नाही, पण टायर कलता केला तशी आतून काळी भुकटी गळली, बाजूच्या दोऱ्या पिंजलेल्या. अशी भुकटी दिसली की ओळखावं, हा टायर कमी हवेवर पळवला गेलाय. बाजू सारखी दुमडत राहिली, आतून तापली आणि रबर चुरत गेलं.

त्या गृहस्थांनी सांगितलं ते दोन्ही टायरांशी जुळत होतं. कुणीतरी त्यांना सल्ला दिला होता की कच्च्या रस्त्यावर हवा कमी करा. त्यांनी 24 पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) उतरवली आणि वेग मात्र 100 चाच ठेवला. पहिला टायर गेला तसे घाबरले आणि उरलेल्या टायरांत 40 हवा ठासली. कडक टायर दगडाला दबत नाही, दगडच त्याच्यात घुसतो. दोन्ही टायरांवर आकाराच्या आकड्याआधी ‘एलटी’ ही अक्षरं नव्हती, म्हणजे नक्षी रानातली आणि बांधणी साध्या मोटारीची. त्यात रिम 20 इंची. त्या मापाचा टायर विल्यम क्रीकसारख्या मूठभर वस्तीत कोण ठेवणार? आम्ही त्या दोघांना आमच्या गाडीतून तिथपर्यंत नेलं. आम्ही पुढे निघालो तेव्हा ते फोनवरून पोर्ट ऑगस्टाच्या टायरवाल्यांना माप सांगत होते.

एलटी म्हणजे लाइट ट्रक बांधणी. बाजूला दोऱ्यांचे थर जास्त किंवा जाड, नक्षीखालीही जास्त भरणा. त्याच्या पुढे लोड रेंजचं अक्षर असतं. सी म्हणजे 6 प्लायच्या, म्हणजे थरांच्या, ताकदीचा, डी म्हणजे 8, ई म्हणजे 10. आत खरोखर दहा थर असतात असा याचा अर्थ नव्हे, ती ताकदीची जुनी मोजणी आहे. दुकानदार ‘टेन प्लाय’ म्हणून सांगतो तेव्हा हे लक्षात ठेवावं आणि साइडवॉलमध्ये प्रत्यक्ष किती थर आहेत ते विचारावं. टायरवरच बारीक अक्षरांत छापलेलं असतं.

मापानंतर जो आकडा येतो तो लोड इंडेक्स. 112 म्हणजे एका टायरवर 1120 किलो, 116 म्हणजे 1250, 121 म्हणजे 1450. चार टायरांची बेरीज करून खूश होऊ नये. पाण्याचे कॅन, डिझेल, तंबू, फ्रिज, टपावर दुसरी स्टेपनी, यातलं बरंचसं वजन मागच्या दोन चाकांवर येतं. आमच्या एसटीत टपावर टोपल्या चढायच्या तेव्हा मागचे टायर काय सोसत होते ते आम्हाला रोज दिसायचं. त्यानंतरचं अक्षर वेगाचं, ताशी किलोमीटरमध्ये: क्यू 160, आर 170, एस 180, टी 190. खडतर रस्त्याच्या टायरांवर बऱ्याचदा क्यू, आर किंवा एस असतं. त्या रस्त्यांना तेवढं पुरतं.

आउटबॅक म्हणजे एकच एक रस्ता नाही, हेही लेखात यायला हवं होतं. सिम्पसन वाळवंटात हजाराच्या वर वाळूच्या लाटा आहेत. तिथे दातेरी नक्षी उलट वाळू उपसते आणि गाडी खाली बसते. तिथे लागतो तो कमी हवेवर लांब पसरणारा, लवचिक बाजूचा टायर. बर्ड्सव्हिल ट्रॅकवर, 517 किलोमीटर, गिबर. डर्बीकडून निघणारा गिब रिव्हर रोड 660 किलोमीटरचा, तिथे खडक, नदीपात्रं आणि पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडलेला रस्ता. सगळीकडे चालेल असा टायर हवा तर तो ऑल-टेरेनच, मड-टेरेन नव्हे. चिखल सोडला तर मड-टेरेनचे मोठे ठोकळे आवाज करतात, ओल्या डांबरावर कमी धरतात आणि लांब पल्ल्यात वेडेवाकडे झिजतात.

हवेचं मात्र सविस्तर सांगतो, कारण चांगला टायर वाया जातो तो इथे. भरलेल्या गाडीला डांबरी रस्त्यावर 36 ते 40, खडीच्या रस्त्यावर 28 च्या आसपास, वाळूत 16 ते 18, असा तिकडचा साधारण प्रघात आहे. हवा उतरवली की वेगही उतरवायचा. खडीवर 80 च्या वर जाऊ नये, वाळूत त्याच्या निम्म्याने. आणि ताडून पाहायची एक पद्धत तिकडे सगळे वापरतात. सकाळी टायर थंड असताना हवा मोजावी, तासभर चालवून पुन्हा मोजावी. साध्या टायरात 4 आणि एलटी टायरात 6 पीएसआयपर्यंत वाढ ठीक. त्याहून जास्त वाढली तर टायर जास्त तापतोय, म्हणजे सुरुवातीची हवा कमी होती किंवा वेग जास्त होता. अशा वेळी लोक गरम टायरातली हवा सोडतात. ते नेमकं उलटं आहे. वेग कमी करायचा आणि टायर थंड झाला की हवा वाढवायची. आमचे जावई प्रत्येक थांब्यावर आधी गेज काढायचे, मग चहाचा थर्मास. मला फार समाधान वाटलं.

आता मुंबईकडे येतो, कारण ही हौस इथेही आली आहे. आमच्या सोसायटीत खाली उभ्या असलेल्या गाड्यांत दातेरी टायर वाढत चाललेत. त्या गाड्या वर्षातले बहुतेक दिवस पूर्व द्रुतगती मार्गावर आणि सायन-पनवेलवर असतात. इथल्या जुलैत टायरकडून सर्वांत मोठी अपेक्षा एकच, ओल्या काँक्रीटवर गाडी वेळेत थांबवणं. त्यासाठी रबर मऊसर हवं आणि रस्त्याला जास्त रबर टेकायला हवं. 2022 च्या ऑक्टोबरपासून आपल्याकडे नव्या डिझाइनच्या टायरांना ओल्या पकडीचे नियम लागू झाले आहेत. टायर घेताना दुकानदाराला त्याबद्दल जरूर विचारा.

आणि एलटी टायरची एक बाजू फारसं कुणी सांगत नाही. तेवढंच वजन पेलायला त्याला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. गाडीच्या दरवाजाच्या खांबावर छापलेली हवा त्यात भरली तर तो उपाशी राहतो आणि तापतो. जास्त हवा भरली तर हलकी गाडी उडते, पाठ धरते. टायर जड, म्हणून डिझेलही जास्त. अलिबाग, लोणावळा, गणपतीत कोकण एवढंच फिरणं असेल तर कंपनीने दिलेल्या मापाचा, साध्या बांधणीचा चांगला ऑल-टेरेन किंवा हायवे टायर पुरेसा आहे.

मोठं माप चढवण्याचंही तसंच. 265/65 आर 17 काढून 265/70 आर 17 बसवला की टायरचा व्यास 776 वरून 803 मिलिमीटर होतो. गाडी उचलली जाते अवघी 13 मिलिमीटर, पण काटा 100 दाखवतो तेव्हा खरा वेग 103 च्या वर असतो, ब्रेकला जास्त जोर लागतो आणि कंपनीच्या मापाबाहेर गेल्याने विम्याच्या दाव्यात प्रश्न निघू शकतो. ज्यांना खरोखर खराब रस्त्याला जायचंय त्यांनी टायर मोठा करण्यापेक्षा रिम लहान करावी. फॉर्च्युनरचंच घ्या. 265/60 आर 18 आणि 265/65 आर 17 यांचा बाहेरचा व्यास सारखाच आहे. 17 च्या रिमवर बाजूची उंची 159 वरून 172 मिलिमीटर होते. दगड आणि रिम यांच्या मधे 13 मिलिमीटर जास्त रबर आणि हवा, आणि काटाही बरोबर. ब्रेकला रिम अडत नाही एवढी खात्री करून घ्यावी.

मुंबईतला टायर दगडाने कमी आणि खड्ड्याच्या काठाने जास्त मरतो. उखडलेल्या पेव्हर ब्लॉकची कड बाजूला लागली की आतली दोरी तुटते आणि काही दिवसांनी लिंबाएवढा फुगा येतो. तो फुगा घेऊन 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर 120 च्या वेगाने जाणारी माणसं मी पाहिली आहेत, मागच्या सीटवर लहान मुलं असलेली. त्या फुग्यावर इलाज नाही. साइडवॉलची दुरुस्ती होत नाही, कुणी करून देतो म्हणाला तरी करून घेऊ नका. मधल्या भागातलं पंक्चर आतून मशरूम पॅच लावून घ्यावं. बाहेरून खुपसलेली काडी घरी पोहोचण्यापुरती.

विकत घेताना बाजूवर ‘डॉट’ (DOT) या अक्षरांपुढे जे छापलेलं असतं त्यातले शेवटचे चार आकडे बघा. 2319 असेल तर टायर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यातला. नक्षी शाबूत, कधी न वापरलेला, सवलतीत मिळतोय, तरी जुनं रबर कडक होतं आणि ओल्यात धरत नाही. आमच्याच इमारतीतला एक तरुण स्पितीला निघालाय, त्याला मी परवा दुकानात सोबत गेलो. चारपैकी एक टायर वेगळ्या सालचा निघाला. आम्ही बदलून मागितला, दुकानदाराने आतून दुसरा आणून दिला. त्या मुलाला पाचवा टायरही त्याच मापाचा आणि बांधणीचा घ्यायला लावला, कारण फोर-व्हील लावून चालवताना स्टेपनी वेगळ्या व्यासाची असली तर गिअरच्या भागांवर ताण येतो.

आपण वाहनांचं पान छापता तेव्हा टायरच्या किमतीशेजारी त्याचा लोड इंडेक्स, एलटी आहे की नाही आणि साइडवॉलचे थर, एवढं छापावं ही विनंती. जागा एका ओळीची लागेल. कुणाला टायरवरचे आकडे कळत नसतील तर मी संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या फाटकाशी असतो, गाडी घेऊन यावं, वाचून दाखवीन.

आपला वाचक,
एक निवृत्त टायर फोरमन
नेहरूनगर, कुर्ला (पूर्व), मुंबई