दलदलीतून वैजूस

प्रिय वैजू,

हिवाळ्यात पुण्याजवळच्या कवडीपाटच्या चक्रवाकांचे फोटो पाठवून मला जळवलं होतंस ना? आज उट्टं काढते.

शनिवारी इथल्या पक्षीवेड्यांच्या गटाबरोबर ग्रेट स्वॅम्पला जाऊन आले. आमच्या न्यू जर्सीतच, मॅनहॅटनपासून चाळीसेक किलोमीटरवर ही दलदल आहे. १९५९ मध्ये इथे भला मोठा विमानतळ करायचं घाटत होतं. आसपासच्या लोकांनी पैसे गोळा करून सुमारे ३,००० एकर जमीन विकत घेतली, सरकारला देऊन टाकली आणि १९६० मध्ये अभयारण्य झालं. मोर्चे, अर्ज आपल्याला ठाऊक. पण थेट जमीनच घेऊन टाकायची, हे डोकं भारीच!

मे महिन्यात इथली झाडं पानांनी गच्च होतात आणि बोटाएवढे वॉर्बलर पक्षी नेमके शेंड्याला, पानांआड. दुर्बीण नंतर, आधी कान. त्यात ही मंडळी रात्रीची उडत येतात, दिवसभर अळ्यांवर ताव मारतात आणि वारा जमला की पुढे कॅनडाकडे पसार. आज दिसला तो उद्या असेलच याचा भरवसा नाही.

आमच्या म्होरक्या आजी ऐंशीच्या घरातल्या. फांदीवर काय हललं ते सगळ्यांच्या आधी त्यांना दिसतं, पण अगदी बारीक, उंच पट्टीतले आवाज आता ऐकूच येत नाहीत. त्याचं त्यांना काही वाटत नाही. गटातल्या एका शाळकरी पोराला सरळ शेजारी धरून ठेवलं होतं. लाकडी पायवाटेवर तो एकदम थबकला. “त्सि-त्सि-त्सि, एकाच सुरात. मधे मोठा होतो, मग परत बारीक.” आजी म्हणाल्या, “ब्लॅकपोल! त्या ओकवर बघा.” आणि होताच की! काळी टोपी, पांढरे गाल, पिवळसर पाय. वजन जेमतेम बारा ग्रॅम. परतीच्या वेळी हाच जीव अटलांटिकवरून दोन-तीन दिवस कुठेही न टेकता दक्षिण अमेरिका गाठतो. आम्ही नाचायचेच बाकी होतो, आजी मात्र जरा हिरमुसल्या. ब्लॅकपोल आला म्हणजे हंगाम सरत आला म्हणे.

बाकी लाल खांद्यांचे ब्लॅकबर्ड पाणगवतातून कोकलत होते, एक वूड डक पिल्लांची रांग घेऊन गेली. स्कंक कॅबेजचं पान मी हौसेनं चुरगाळून पाहिलं. बोटांचा वास घरी येईपर्यंत गेला नाही. आणि हो, सगळ्यांच्या पँटी मोज्यांत खोचलेल्या! इथल्या गोचिडी चावल्या तर लाइम रोगाची भीती.

पुढच्या वर्षी लेकीकडे येशील तेव्हा तिकीट जूनचं नको, मेच्या पहिल्या पंधरवड्यातलं काढ. दुर्बीण तुझी तू आण, माझीच्या भिंगांना बुरशी आलीये. सिंहगडच्या दरीत नवरंग पक्षी आले की लगेच कळव.

तुझी,
शुभा